रफिक, तो आकडा मी बदलला होता

रफिक, शबानावहिनींनी काल तुझा लॅपटॉप माझ्या हातात दिला. तू गेल्यापासून सतरा दिवस तो कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली होता म्हणे. "यातलं मला काही कळत नाही, भाऊ. गावागावांतून फोन येतात, खांब चालू आहेत का विचारतात. आता तुम्हीच बघा," असं म्हणाल्या. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. कप तोच, कान तुटलेला, जो तू मला मुद्दाम द्यायचास आणि वर "पावणं, सांभाळून" म्हणायचास. त्यांना ते माहीत नसावं. मी तो चहा पूर्ण प्यायलो.

आता नारायणगावात आपल्या खोलीत बसून हे लिहितोय. तुझी खुर्ची रिकामी आहे असं लिहिणार होतो, पण ती कुठली रिकामी? तिच्यावर तू ठेवलेले दोन भोंगे आणि वायरचं भेंडोळं तसंच पडलंय. मी उचललेलं नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तुला सगळं माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार आहे. मध्ये बोलू नकोस, नेहमीसारखा.

आपण वेबसाइट बनवायचो. रोपवाटिका, शाळा, मंगल कार्यालयं, जे येईल ते. ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, त्या बनवायचो त्याच्याबरोबरच ते टूल आलं. त्याचं काम एकच, आपण इथे केलेला बदल तिकडे सर्व्हरवर नेऊन लावायचा. नवी आवृत्ती नव्या फोल्डरमध्ये ठेवायची, 'चालू' अशी पाटी जुन्या फोल्डरवरून काढून नव्यावर लावायची, मग साइट बंद करून पुन्हा सुरू करायची. काही बिघडलं तर पाटी परत जुन्यावर. शेवटच्या पाच आवृत्त्या ते राखून ठेवायचं, त्यामागच्या पुसून टाकायचं. मला ते टूल आवडायचं, कारण ते आपलं काम सोडून इकडेतिकडे बघत नव्हतं. तुझं नेमकं उलटं. "एवढं गुणी जनावर, आन् एकाच गोठ्यात बांधून ठेवलंय राव," असं म्हणायचास.

पुढे बिबट्यांचा त्रास वाढला. उसातून बाहेर पडायचे ते थेट वस्तीवर. तुझे अब्बा जुन्नरात लग्नकार्याला लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे, त्यामुळे भोंगा तुझ्या घरचाच. एका खांबावर तू भोंगा लावलास, शेजारी एक लाल दिवा, आणि खाली पत्र्याच्या पेटीत हातावर मावेल एवढा कॉम्प्युटर आणि सिमकार्ड. कोणाला बिबट्या दिसला की त्याने खांबाच्या नंबरवर मिस कॉल द्यायचा. दिवा लागतो, भोंगा बोलतो, शेतातली माणसं घरात जातात. पहिला खांब माझ्या गावी, डिंगोऱ्यात. मग पिंपरी पेंढार. असं करत थेट डिंभ्यापर्यंत अकरा खांब झाले.

भोंग्यात आवाज आधी माझा भरला होता, आठवतंय? "सर्व ग्रामस्थांना विनंती, परिसरात बिबट्या आढळला असून सर्वांनी सुरक्षित स्थळी जावे." पिंपरी पेंढारच्या हिराबाई खांबाखाली कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. म्हणाल्या, "ह्यो तर ब्यांकेतला बोलतोय. ब्यांकेतल्याचं ऐकून कोन पळतंय व्हय?" तू तिथेच बांधावर बसून हसून हसून लाल झालास. मग मोबाइल तोंडाशी धरून एका दमात ओरडलास, "ओ, ऐका! बिबट्या आलाय! पोरांना हाका मारा, आत व्हा, दारं लावा!" हिराबाईंची सून सुरेखा कांद्याची पात सोडून खरंच उठून उभी राहिली. तोच आवाज अकराही पेट्यांत गेला. मला त्या दिवशी तुझा हेवा वाटला होता, हे मी कधी सांगितलं नाही.

खांब झाले, पण प्रोग्राममध्ये एक ओळ बदलायची तर अकरा गावं फिरायची. डिंभ्याला तुझी मोटारसायकल बंद पडली आणि एसटीची वाट बघत तू धरणाच्या फाट्यावर अर्धा दिवस काढलास. दुसऱ्या दिवशी येऊन त्या टूलच्या मागे लागलास. वेबसाइटशी संबंधित सगळं त्याच्यातून काढलंस, आणि जे उरलं त्याला अकरा सर्व्हरच्या जागी अकरा खांब दाखवलेस. इथे बसून एक कमांड दिली की डिंगोऱ्यापासून डिंभ्यापर्यंत नवी आवृत्ती. तू बाहेर जाऊन जिलबी आणलीस.

मी जिलबी खाल्ली आणि भांडलो. म्हणालो, वेबसाइट बिघडली तर गिऱ्हाईक चार शिव्या देतं आणि पान पुन्हा उघडतं. खांब बिघडला तर काय उघडणार? हे टूल या कामासाठी बनलेलंच नाही. तू म्हणालास, "कुठलं टूल कुठल्या कामासाठी बनलं, हे शेतकऱ्याला इचार. त्यो दुधाच्या कॅनमधी डिझेल नेतो, आन् फवाऱ्याच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करतो. चालतंय ना?" मी आणखी चिडलो.

टूल आवृत्ती लावल्यावर शेवटी सगळं बंद करून सुरू करतं. वेबसाइटला त्यात दोन क्षण जातात. आपल्या पेटीला पुन्हा रेंज पकडायला चार-पाच मिनिटं लागायची, आणि तेवढ्यात कोणी मिस कॉल दिला तर तो वाया. तू ती पायरी काढून टाकलीस. "लाईट रोज जातीच, संत्या. आपन कशाला येगळं बंद करायचं? लाईट आली की पेटी आपोआप नवी आवृत्ती घेईल." मला ती युक्ती पटली होती. पटली असूनही मी तोंड वाकडं केलं. बाहेरच्या कोणाला हे सांगितलं तर हसतील, पण आपल्याकडे वीज जाण्यावर जितका भरवसा ठेवता येतो तितका दुसऱ्या कशावर ठेवता येतो?

त्या भांडणानंतर आपला अबोला सुरू झाला. पूर्ण नाही, कामापुरतं बोलायचो. शेजारी बसून एकमेकांना ईमेल पाठवायचो. वय वर्षं बेचाळीस दोघांचं! त्या दिवसांत डिंगोऱ्याच्या पेटीचं मेमरी कार्ड भरलं. दर आवृत्तीबरोबर तुझ्या आवाजाची फाइल नव्याने जायची, आणि सगळ्यांत जड तीच. मी आपल्या दोघांच्या सामाईक टूलचं सेटिंग उघडलं. जुन्या किती आवृत्त्या ठेवायच्या, तिथे पाच होते. मी मनात म्हटलं, याचं ओरडणं पाच-पाच वेळा कशाला साठवायचं? आणि पाचाचे दोन केले. तू एका हाताच्या अंतरावर बसला होतास, कानात हेडफोन. खांद्याला हात लावून सांगायला किती वेळ लागला असता? मी सांगितलं नाही. हा विचारेल तेव्हा सांगू, असं ठरवलं. तू विचारलं नाहीस, कारण तुला ठाऊकच नव्हतं.

तिकडे पिंपरी पेंढारला हिराबाईंच्या मुलाने एक चांगलं काम केलं. लाईट गेली की खांब मुका होतो, बायका शेतात असतात, म्हणून त्याने पदरचं सोलर पॅनल आणि बॅटरी आणून पेटीला जोडली. आपल्याला फोटोही पाठवला. तू अंगठा पाठवलास, मीही पाठवला. अकरा खांबांत तो एकच खांब असा झाला, जो कधी बंदच पडत नव्हता. म्हणजे नवी आवृत्ती घेतही नव्हता. पेटी जुन्याच फोल्डरमधून चालत राहिली, आणि आपण इथून तीन आवृत्त्या पाठवल्या. माझ्या दोनाच्या हिशोबाने तिच्या पायाखालचं फोल्डर पुसलं गेलं, आणि पेटी तुझा आवाज त्याच फोल्डरमधून घ्यायची. पाच असते तर राहिला असता. हे मी नंतर किती वेळा बोटांवर मोजलंय ते विचारू नकोस.

दिवा मात्र लागत होता, कारण तेवढं पेटीच्या स्मरणात होतं. आणि आपण तपासायचो ते दिव्यावरूनच. चाचणीला भोंगा वाजवला की बायका हातातलं टाकून पळायच्या, म्हणून आपणच ठरवलं होतं की चाचणीला फक्त दिवा.

त्या संध्याकाळी सुरेखाताई जनावरांना घास कापत होत्या. ऊन पुरतं उतरलं नव्हतं. शेजारच्या वस्तीवरच्या माणसाला बिबट्या दिसला, त्याने मिस कॉल दिला. दिवा लागला. उन्हात लाल दिवा कोणाला दिसणार, आणि तोही पाठीमागे? भोंगा बोलला नाही. हातात विळा होता आणि सासू काठी घेऊन धावली म्हणून त्या वाचल्या. खांद्याला टाके पडले. उजवा हात अजून पूर्ण वर जात नाही.

दोन दिवसांनी आपण गेलो. गाव जमलं होतं. हिराबाईंनी आपल्याला बसा म्हटलं नाही. खांबाकडे बोट करून तुला म्हणाल्या, "आरं बाबा, तुजा दिवा लागला, मंग त्वांड का न्हाई उघडलं त्यानं? तुज्या आवाजाच्या भरवशावर आमी शेतात राहत व्हतो. भोंगा नसता तर पोरगी आदीच घरात आली असती." तू चपला काढून उभा होतास, शेताच्या मातीत. का काढल्या होत्यास कोण जाणे. म्हणालास, "चूक माझी हाय, मावशी. पेटी मी बसवली, प्रोग्राम माझा. दुसऱ्या कोनाची न्हाई." त्या पुष्कळ बोलल्या. तुझ्या अम्मीलाही त्यात ओढलं. तू मान वर केली नाहीस. मी तुझ्या शेजारी उभा होतो. मला तोवर दोनाचा आकडा आठवला होता का? आठवला होता, रफिक. तिकडे जाताना ओतूरच्या पुढे, तुझ्या मागे गाडीवर बसलेलो असतानाच आठवला होता. मी बोललो नाही.

इथवर कसंबसं लिहिलं. यापुढचं लिहायला जास्त लाज वाटते. परत येताना चहाच्या टपरीवर मी तुला म्हणालो, "तरी मी सांगत होतो, हे टूल वेबसाइटसाठी आहे." तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. चहा तसाच ठेवलास. मग म्हणालास, "टूलला काय बोलतो, संत्या? त्यानं सांगितलं तेवढंच केलं." मला वाटलं, तू हार मानलीस. मला चक्क बरं वाटलं.

त्यानंतर तू टूलला हात लावला नाहीस. रोज सकाळी गाडी काढायचास, एकेक खांब, एकेक पेटी उघडून हाताने तपासायचास. एक फेरी संपली की दुसरी. मी म्हटलं, एवढं कशाला, तर म्हणायचास, "आता हातानंच." डोळे आत गेले होते तुझे. शेवटच्या दिवशी डिंभ्याहून आलास, वहिनींकडे पाणी मागितलंस आणि छातीला हात लावून खाली बसलास. डॉक्टर म्हणाले, दुखणं आधीपासूनच असणार, फिरण्याशी त्याचा संबंध नाही. ते शिकलेले आहेत, मी कोण बोलणार? पण मला ते पटत नाही. कबरस्तानात मी तीन मुठी माती टाकली आणि तिसऱ्या मुठीला तुला सांगून टाकायचं ठरवलं होतं. आजूबाजूला माणसं होती. तेव्हाही बोललो नाही.

आणि काल रात्री जेवणाआधी तुझा लॅपटॉप उघडला. टूलच्या सेटिंगमध्ये माझे दोन खोडायला गेलो. तिथे पाच होते.

मी बदलांची नोंद उघडली. कोणती ओळ कोणी कधी बदलली ते सगळं तिथे नावानिशी असतं, हे तूच मला शिकवलंस. पाचाचे दोन, माझं नाव. त्याखाली दोनाचे पाच, तुझं नाव. कारणाच्या जागी तू लिहिलं होतंस, "जुन्या पाच ठेवाव्या." बस. दिवस बघितला. आपण पिंपरी पेंढारला गेलो त्याच दिवसाची सकाळ. म्हणजे गाडीवर मला मागे बसवून घेऊन जात होतास तेव्हा तुला माहीत होतं. चपला काढल्यास तेव्हा माहीत होतं. "दुसऱ्या कोनाची न्हाई" म्हणालास तेव्हा तो दुसरा कोण ते माहीत होतं. टपरीवर माझ्याकडे बघत होतास, ते मी सांगेन म्हणून वाट बघत होतास, होय ना? आणि मी तुला टूलबद्दल ऐकवून बसलो होतो.

तुझा राग येतो मला. खरंच येतो. एक शिवी घातली असतीस, कॉलर धरली असतीस, तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं आणि आपण दोघं मिळून परत हिराबाईंकडे गेलो असतो. तू मला झाकलंस, आणि महिनाभर एकट्याने अकरा गावं फिरलास. मित्राला असं कोणी झाकतं का? पाया पडावं असं वाटतं आणि भांडावंसंही वाटतं, आणि दोन्हीसाठी तू नाहीस. चूक निम्मी तुझी होती, पेटी बंद करायची पायरी तू काढलीस. पण निम्मी होती. तू सगळी घेऊन गेलास.

आज सकाळी मी टूल पुन्हा चालू केलं. तुझं तेव्हाचं म्हणणं खरं होतं, दोष त्याचा नव्हताच. काढलेली पायरी मी परत बसवली. आता आवृत्ती गेली की पेटी बंद होऊन सुरू होणार, आणि तेवढी पाच मिनिटं त्या गावचा एक माणूस शेतावर नजर ठेवून खांबाखाली उभा राहणार. त्याचा फोन आल्याशिवाय टूल पुढच्या गावाला हात लावणार नाही. आणि चाचणी दिव्यावर नाही, आवाजावर. आधी गावाला कळवून. तुला हे आवडलं असतं. "टूलमधी मानूस घातलास की," असं म्हणाला असतास.

पहिलं गाव मी पिंपरी पेंढार धरलं, लॅपटॉप तिथेच नेऊन आवृत्ती पाठवली, आणि खांबाखाली स्वतः उभा राहिलो. घरोघर सांगून झालं होतं, आज भोंगा वाजेल, ती चाचणी आहे. हिराबाई बाजाराला गेल्या होत्या. सुरेखाताई ओसरीपुढे डाव्या हाताने शेंगा निवडत होत्या. पेटी रेंज पकडेपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. पाच आणि दोन, कार्ड, अबोला, सगळं. आवृत्ती म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच विचारलं, "म्हंजी त्यांचा आवाज तुमी पुसला?"

"हो."

"आत्यानं त्यांना शिव्या घातल्या, तवा तुमी हितंच व्हता ना, भाऊ? त्या तिथं, त्यांच्या बाजूला?"

"हो."

"मंग का न्हाई बोलला?"

त्या रागावल्या नव्हत्या, रफिक. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तेवढ्यात पेटीचा हिरवा ठिपका लागला. काहीतरी करायचं म्हणून मी मोबाइल काढला आणि खांबाला मिस कॉल दिला. दिवा लागला. आणि वरून तू ओरडलास, तुझ्या त्या फाटक्या, जिवंत आवाजात, "ओ, ऐका! बिबट्या आलाय! पोरांना हाका मारा, आत व्हा, दारं लावा!"

चाचणी आहे हे सुरेखाताईंना माहीत होतं. तरी त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, अंगणातल्या पोराला डाव्या हाताने जवळ ओढलं आणि आत गेल्या. कडी लागलेली मला खांबापर्यंत ऐकू आली. मी बाहेर तसाच उभा, आणि वर तू अजून बोलतच होतास.